पत्ता कोणाला विचारावा? देवनारच्या नकाशाची एक समीक्षा

आयोजकांनी आम्हाला समीक्षेवर बोला म्हणून सांगितले आणि कुठला ग्रंथ घेणार हे विचारायला दोनदा फोन केला. ग्रंथ आम्ही घेतला आहे. तो आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे, काहींच्या हातात आहे, आणि मघाशी प्रास्ताविक चालू असताना एकाच्या खिशातून तो बोललाही. (हशा) फोनमधला नकाशा. रोज इतके लोक इतक्या भक्तीने दुसरे काही वाचत असतील असे आम्हाला वाटत नाही. आणि त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही. रस्ता चुकला तर शिव्या देतो, पोचलो तर विसरून जातो.

आज इथे येतानाचेच सांगतो. आम्ही घाटकोपरकडून आलो. चिरंजीवांनी पत्ता घालून फोन टॅक्सीवाल्याच्या समोर लावून दिला होता. मानखुर्द-घाटकोपर जोडरस्त्यावर आता तो लांबलचक उड्डाणपूल आहे, २०२१ साली खुला झालेला. आम्हाला पुलाखालून जायचे होते. फोनला वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांत फरक कळला नाही, कारण आभाळातून पाहिले तर दोन्ही एकाच जागी आहेत. आम्ही पुलावर चढलो. शिवाजीनगर, बैंगनवाडी खाली राहिले, आणि बाईंचा आवाज सांगत राहिला की सरळ चला. मानखुर्दच्या बाजूला उतरलो, परत फिरलो. शेवटी टॅक्सीवाल्याने फोन उलटा ठेवला आणि एका टपरीपाशी काच खाली करून विचारले, "देवनार?" टपरीवाला म्हणाला, "देवनार कुठलं? गावठाण, कॉलनी, कत्तलखाना, का डम्पिंग?"

आमचे व्याख्यान तिथेच तयार झाले म्हणा ना. घरी लिहिलेली टिपणे पिशवीतच आहेत.

आता बघा, या प्रश्नात काय आहे. नकाशात 'देवनार' असे लिहिले की एक खूण येते, एक टाचणी. नाव एक, जागा एक. टपरीवाल्याला ठाऊक आहे की देवनार एक नाही. जुने गावठाण आहे. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून इथे आहे, लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था इथे आहे. म्हणजे समाज कसा मोजावा हे शिकवणाऱ्या देशातल्या दोन मोठ्या संस्था या एका पिनकोडात. १९७१ पासूनचा महापालिकेचा कत्तलखाना आहे. आणि ज्याच्यामुळे देवनार हे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले ते कचऱ्याचे मैदान, १९२७ पासूनचे, सुमारे १३० हेक्टरांचे. गंमत अशी की त्या मैदानाला लागून जे लोक राहतात ते आपला पत्ता देवनार सांगत नाहीत, गोवंडी सांगतात, शिवाजीनगर सांगतात. आणि जे जरा दूर, नव्या इमारतींत राहतात, त्यांच्या बिल्डरच्या जाहिरातीत देवनारचे पुष्कळदा चेंबूर झालेले असते. नाव कचऱ्याला दिले आणि माणसे त्यातून दोन्ही बाजूंनी निघून गेली. नोकरीच्या अर्जावर चेंबूर लिहिणारे आमचे विद्यार्थी आम्हाला आठवतात. आम्ही त्यांना त्या वेळी रागावलो होतो. चूक केली.

तर हा ग्रंथ. कुठल्याही ग्रंथाला आम्ही वर्गात पहिला प्रश्न विचारायचो: हे कोण सांगतो आहे, आणि त्याला हे कळले कसे? आपल्याकडे न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहिलेले. अनुमान म्हणजे खुणेवरून काढलेले. उपमानाचे आज काम नाही, त्याला बसू द्या. शब्द म्हणजे विश्वासू माणसाने सांगितलेले. फोनमधला नकाशा जे सांगतो ते यांपैकी काय आहे?

आपण म्हणाल, प्रत्यक्षच की. उपग्रहाने पाहिले आहे. ठीक. पण उपग्रह वरून पाहतो, म्हणून देवनारचा कचरा त्याला सपाट दिसतो. पडद्यावर तो राखाडी-तपकिरी डाग आहे, खाडीच्या कडेचा. त्या डागाखाली काही ठिकाणी अनेक मजली इमारतीइतके उंच ढीग आहेत हे पडद्यावरून कळत नाही. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा तिचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांत दिसला होता, हे आपल्याला आठवत असेल. आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. आम्ही आयुष्यभर अनुमान शिकवताना फळ्यावर एकच उदाहरण लिहिले: डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथे अग्नी आहे. तो डोंगर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर निघेल असे वाटले नव्हते. (हशा) हसू नका, तिथल्या पोरांच्या छातीत तो धूर गेला आहे.

प्रत्यक्ष थोडे. बाकीचे बहुतेक अनुमान. नकाशातली निळी, नारिंगी, लाल रेघ काय असते? रस्त्यावर किती गर्दी आहे हे कोणी पाहिलेले नसते. आपल्याच खिशांतले फोन किती वेगाने सरकतात ते मोजले जाते. गुगलने नकाशा २००५ साली आणला आणि २००९ पासून तो लोकांच्या फोनांवरून वाहतूक ओळखू लागला. फोन हळू सरकतात, त्या अर्थी गर्दी. धूर, त्या अर्थी अग्नी. तोच आकार. आणि अनुमानाला जे दोष लागू शकतात तेच इथे लागतात. २०२० साली बर्लिनमध्ये एका कलावंताने नव्व्याण्णव फोन एका छोट्या हातगाडीत भरले आणि गाडी ओढत तो रिकाम्या रस्त्याने चालत गेला. नकाशावर रस्ता लाल झाला. रस्त्यावर गाडी एकही नाही. आमच्या भाषेत याला हेत्वाभास म्हणतात: खूण खरी, पण ती ज्याची म्हणून घेतली त्याची नाही. परीक्षेत हे उदाहरण लिहिणाऱ्याला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले असते.

बकरी ईदच्या आधी कत्तलखान्यात बकऱ्यांचा मोठा बाजार भरतो. बाहेरून ट्रक येतात, टेम्पो येतात, दोरी धरून बकरा घरी नेणारे बाप-लेक येतात. नकाशात फक्त लाल रेघ दिसते. का लाल, कधीपर्यंत लाल, दुसऱ्या गल्लीने गेले तर माणसे वाट देतील की नाही, हे त्याच्या खुणांत नाही. टपरीवाल्याला आहे. तो म्हणेल, ईद होऊ द्या, मग या.

इथवर नकाशाचा दोष काही नाही. अनुमान हे चांगले साधन आहे, आम्ही त्याच्यावर पोट भरले आहे. दोष आपल्या वाचनाचा. आपण अनुमानाला शब्दप्रमाण समजतो. आवाज बाईंचा असतो, शांत असतो, मराठीत बोलतो, 'उजवीकडे वळा' म्हणतो, आणि आपल्याला वाटते की कोणीतरी तो रस्ता पाहिला आहे आणि ते आपल्याला सांगत आहे. कोणीही पाहिलेला नसतो.

शब्दप्रमाणाबद्दल न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने फार उमदी गोष्ट सांगितली आहे. शब्द प्रमाण केव्हा? आप्ताचा असेल तेव्हा. आप्त म्हणजे आपण घरात म्हणतो तो नातेवाईक नव्हे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे, आणि जाणली तशी दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू. म्हणजे टपरीवाला देवनारच्या बाबतीत आप्त आहे आणि आम्ही, पीएच.डी. असून, नाही. त्याने रस्ता जाणला आहे, आणि सांगायची त्याला इच्छा आहे. नकाशाच्या बाबतीत दोन्ही अटी डळमळतात. जाणलेले नाही, हे सांगितले. इच्छेचे म्हणाल तर दुकानदाराने पैसे भरले की त्याची खूण नकाशात ठळक होऊ शकते. सांगणाऱ्याला आणखीही कोणाचे काम असते.

आणि एक फरक. टपरीवाला म्हणू शकतो, "नाही बुवा, मला ठाऊक नाही, पुढे विचारा." नकाशा हे म्हणत नाही. जिथे त्याला ठाऊक नाही तिथे तो कोरा असतो, आणि जिथे खरोखर काही नाही तिथेही कोराच असतो. दोन्ही कोरेपणांचा रंग एक. इथे आम्हाला जरा थांबायचे आहे, कारण देवनारच्या दृष्टीने मुद्दा हा आहे.

मीमांसकांनी, म्हणजे कुमारिल भट्टांच्या परंपरेने, ज्ञानाचे आणखी एक साधन मानले: अनुपलब्धी. टेबलावर घडा नाही, हे आपल्याला कसे कळते? दिसत नाही म्हणून. पण त्यांनी अट घातली. असता तर दिसला असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेड पाहिजे, डोळे पाहिजेत. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. आता नकाशात शिवाजीनगर मोठे करून पाहा. मोठे रस्ते दिसतील, दुकाने दिसतील, एखादी शाळा, मशीद, दवाखाना. मधल्या गल्ल्या तुटक, आणि त्यांच्यामध्ये कोऱ्या जागा. त्या कोऱ्या जागांत माणसे राहतात, खोलीवर खोली चढवून. नकाशाचा उजेड तिथे जात नाही. रस्त्याची छायाचित्रे दाखवणारी सोय भारतात जुलै २०२२ मध्ये सुरू झाली, पहिल्या दहा शहरांत मुंबई होती, पण ते चित्र टिपणारे कॅमेरे गाडीवर बसवलेले असतात. गाडी जिथे जाईल तिथला रस्ता दिसणार. ज्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते, तिथे कसली गाडी जाते?

आणि तिथे पत्ता नाही असे नव्हे, हे लक्षात घ्या. शिवाजीनगर, बैंगनवाडी ही काही आपोआप उगवलेली वस्ती नाही. दुसरीकडून हलवलेल्या लोकांसाठी आखणी करून दिलेले प्लॉट आहेत. रोड नंबर, प्लॉट नंबर, लाईन, खोली. पोस्टमनला ते वाचता येते. आमचा एक माजी विद्यार्थी बैंगनवाडीत राहतो. त्याच्या वडिलांना एका रात्री छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका बोलावली. चालकाच्या फोनवर टाचणी आली ती मोठ्या रस्त्यावर. तो सिग्नलपाशी उभा राहिला आणि फोन करत राहिला, की मी पोचलो, तुम्ही कुठे आहात? शेवटी गल्लीतल्या तीन-चार पोरांना पळवले. एक सिग्नलला, एक रोडच्या तोंडाशी, एक लाईनच्या तोंडाशी. हात करून करून स्ट्रेचर आत आणले. वडील वाचले. तो आम्हाला म्हणाला, "सर, नकाशा सिग्नलपर्यंत. पुढे पोरं." गेलेली मिनिटे त्याने मोजली नव्हती, आणि आम्हीही विचारली नाहीत.

हे फक्त फोनच्या नकाशाचे आहे असे समजू नका. सरकारी कागदही असेच वाचले जातात. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये सरकारला तो बाजूला ठेवून नव्याने करायला सांगावे लागले. गावठाणे, कोळीवाडे नीट दाखवले नाहीत ही मोठी तक्रार होती. कागदावर कोरे राहिले की उद्या कोणीतरी म्हणते, इथे काही नव्हतेच.

आणि दुसऱ्या टोकाचे उदाहरण, नकाशात आहे पण जागेवर नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडून कळसूबाईच्या ट्रेकला निघालेल्या तिघांची गाडी अकोले तालुक्यात रात्री पाण्यात गेली. कोतूळजवळचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. नकाशात रस्ता सलग होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा गेला. त्या भागातल्या माणसांना पूल पाण्याखाली जातो हे ठाऊक होते. विचारायला रात्री कोण भेटणार, हेही खरेच.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात एक गोष्ट आहे, उद्दालक आपल्या मुलाला सांगतो ती. गांधार देशातल्या एका माणसाला डोळे बांधून आणले आणि निर्जन जागी सोडून दिले. तो ओरडत राहिला. कोणीतरी येऊन पट्टी सोडली आणि बोट दाखवले, त्या दिशेला गांधार, तिकडे जा. मग तो शहाणा माणूस गावोगाव विचारत विचारत घरी पोचला. परंपरेने ही गोष्ट गुरूचे महत्त्व सांगायला वापरली. आमचे लक्ष नेहमी त्या 'गावोगाव विचारत' कडे जाते. गुरूने फक्त दिशा सांगितली. रस्ता त्याला अनोळखी माणसांनी सांगितला. प्रत्येक गावात त्याला थांबावे लागले, सांगणारा खरे बोलतो की नाही हे ताडावे लागले. उपनिषद त्याला पंडित म्हणते ते याच्यासाठी असावे, असे आमचे मत. फोनचा नकाशा आपल्यालाही गांधारला पोचवतो, डोळ्यांवरची पट्टी न सोडता.

हे बोलताना आम्हाला बरे वाटत होते, म्हणून सौभाग्यवतींना घरी वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "तुम्ही पुरुष आहात, म्हणून तुम्हाला विचारत जाण्याचं एवढं कौतुक." रात्री नऊ वाजता अनोळखी नाक्यावर काच खाली करून बाईने पत्ता विचारायचा म्हणजे काय असते, हे आम्हाला सत्तरी ओलांडल्यावर ऐकावे लागले. आणि त्यांनी एक बोट उचलले की दुसरे आपोआप उठते. आपल्या खेड्यांत पत्ता विचारला की उलट प्रश्न येतो: कोणाकडे? कुठले तुम्ही? नाव काय? ही माहिती कशासाठी हवी असते, ते आपल्याला ठाऊक आहे. कुठल्या वाड्यात सोडायचे आणि पाणी कशातून द्यायचे, ते त्यावरून ठरत असे, आणि सगळीकडे ते संपले आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. नकाशा आडनाव विचारत नाही. तिऱ्हाइताला निमूटपणे दारापर्यंत नेतो. दलित तरुण, एकटी मुलगी, बिहारहून कालच आलेला कामगार, यांना या यंत्राने जी मोकळीक दिली आहे ती वात्स्यायनाच्या उदार व्याख्येने हजार-दीड हजार वर्षांत दिली नाही. व्याख्येत म्लेच्छ आप्त होता. रस्त्यावर नव्हता.

तेव्हा फोन फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. आमचा आम्ही फेकलेला नाही. आमची तक्रार वाचनाची आहे, आणि थोडी लेखनाची. लेखनाची म्हणजे, हा ग्रंथ लिहितो कोण? इथे बाहेरचे एक उदाहरण उपयोगी आहे. नैरोबीतली किबेरा ही फार मोठी झोपडपट्टी नकाशांत जवळजवळ कोरी होती. २००९ साली तिथल्याच तरुणांनी जीपीएस यंत्रे घेऊन पायी फिरून ती ओपन स्ट्रीट मॅपवर उतरवली. नळ कुठे, संडास कुठे, दवाखाना कुठे. तो नकाशा कोणीही दुरुस्त करू शकतो असा आहे. आपल्याकडे पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांत घरोघर माहिती गोळा करून नकाशे केले, आणि घरांना प्लस कोड, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून काढलेला छोटा पत्ता, देण्याचे कामही केले. बैंगनवाडीतली ती तीन-चार पोरे हे काम उद्या करू शकतील. करावे की नाही, हे मात्र त्यांना विचारून. कारण नकाशात येणे म्हणजे रुग्णवाहिकेला दिसणे, तसे ते पाडकाम करणाऱ्यांनाही दिसणे आहे. कोरे राहण्यात कधीकधी एक आडोसा असतो. आम्ही सिमेंटच्या घरात राहून त्यांच्या वतीने ते ठरवू नये.

भाषेबद्दल एकच सांगतो, वेळ होत आली. टपरीवाल्याने शेवटी आम्हाला जो पत्ता सांगितला त्यात दोन शब्द होते, 'अलीकडे' आणि 'पलीकडे'. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, शाळेच्या पलीकडे. हे शब्द उजवा-डावा नाहीत, उत्तर-दक्षिणही नाहीत. आपण दोघे आत्ता इथे उभे आहोत, ही त्यांची अट आहे. सांगणाऱ्याने क्षणभर आपल्या जागी उभे राहून रस्ता पाहिल्याशिवाय त्याला 'अलीकडे' म्हणता येत नाही. फोनातल्या बाईंच्या तोंडी अंतरे असतात, हल्ली खुणाही येऊ लागल्या आहेत. 'अलीकडे' आम्ही अजून ऐकलेले नाही. कोणी ऐकले असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा, आम्ही हा परिच्छेद छापताना काढून टाकू.

आयोजकांना एक विनंती. या सभागृहाची टाचणी नकाशात मागच्या दारावर पडते आहे, आणि ते दार बंद असते. आमच्या आधी तीन माणसे तिथे उभी होती, त्यांतल्या एका आजींना पायऱ्या उतरून पुन्हा वळसा घालावा लागला. दुरुस्ती फोनवरून पाठवता येते, फार वेळ लागत नाही. ती होईपर्यंत पुढच्या व्याख्यानाला नाक्यावर एक मुलगा उभा करा. आता प्रश्न घेऊ. मागे, खांबाच्या अलीकडे, कोणाचा तरी हात वर आहे.